दुसरं कार्ड लावून बघा

लातूर
३ जून २०१५

अर्शी बेटा,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी आतला दुसरा कागद काढून घे. त्यावर कामाचं लिहिलंय. हा पहिला कागद नुसता बापाचा आहे, गेला तरी चालेल.

तुझ्या वहिदाफुप्पीचा फोन आला होता. माझी सख्खी बहीण आहे म्हणून काय झालं, तिला फोनवर एक गोष्ट धड सांगता येईल तर शपथ. अर्धा तास बोलली. त्यातून मला कळलं ते एवढंच की तिच्या घरी तुझ्या पीसीचं वायरलेस सारखं तुटून राहिलंय, कॉलेजच्या ऑनलाइन टेस्टा अर्ध्यात बंद पडतात, आणि दोन टेस्टांत तुला शून्य मार्क पडले. मी म्हणालो, तिला दे फोन. 'देते' म्हणाली. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग तीच परत बोलली, "भाईजान, न्हाई म्हणती ती. तुम्ही लिहून पाठवा."

म्हणून लिहितोय. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. ईदला एकदा लावून बघतो, तेवढंच. मराठीत लिहितोय कारण तुला मराठी शाळेत मीच घातलं, आणि उर्दू शिकवतो शिकवतो म्हणत ते राहूनच गेलं. असं लई काही राहून गेलं.

लातूर आहे तसंच. शिकवणीच्या पोरांनी गाव भरून गेलंय, एका खोलीत चार-चार पलंग. टँकर आला की बादल्या घेऊन पळायचं. मी अजून बापूसाहेब सरांच्या क्लासमध्येच, वायर ओढतो, माईक लावतो, पीसी उघडतो, परत लावतो. राहायला त्याच गच्चीवरच्या दोन खोल्या. जिना चढताना आता मधे एकदा थांबतो.

दुसरा कागद:

तो पीसी जुना आहे, त्यावर रंगीत खिडक्या उघडायच्या भानगडीत पडू नकोस. कमांड लिहायचा काळा पडदा उघड. प्रत्येक ओळीच्या आधी sudo लिही, म्हणजे मशीन तुझं ऐकेल.

ip link set wlan0 up
iw dev wlan0 link

पहिल्या ओळीनं वायरलेसचं कार्ड जागं होतं. दुसरी ओळ सांगते ते कुणाशी जोडलंय आणि सिग्नल किती. wlan0 मधलं शेवटचं ते शून्य आहे, ओ नाही. जे दिसेल ते कागदावर उतरव आणि फुप्पीकडे दे. ती पोस्टात टाकेल.

अब्बा


लातूर
१४ जून २०१५

अर्शी,

तुझा कागद मिळाला. वर 'अब्बा' नाही, खाली 'अर्शी' नाही. नुसते आकडे. चालेल. साताच्या पोटात आडवी रेघ अजून मारतेस, तेवढ्यानं पण मला बरं वाटलं.

सिग्नल उणे चौपन्न लिहिलाय. हा चांगला आहे. यात उलटं असतं, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. उणे पन्नासच्या आसपास असलं की समजायचं वायरलेस सोडणारा डबा अन् कार्ड एकमेकांच्या समोर बसलेत. उणे ऐंशीला गेलं की नुसती कुजबूज. तुला उणे चौपन्न मिळतंय आणि तरी तुटतंय, म्हणजे दोष हवेत नाही. काही तरी दुसरंच आहे.

नांदेडला तुझ्या फुप्पांच्या, मुज्तबाभाईंच्या घराला वर पत्रे, म्हणून असा सिग्नल मिळतो. आमच्याकडे कुठला. भूकंपानंतर लातुरात ज्यानं ज्यानं घर बांधलं, त्यानं भीतीपोटी खांबात दुप्पट लोखंड घातलं. सरांची ही चार मजली इमारत तर लोखंडाचा पिंजराच आहे. पडायची नाही, पण वायरलेस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला रडतं. स्टडी हॉलमधल्या खिडकीजवळच्या दोन पीसींचं नेट तुटतं म्हणून पोरं पहिल्यापासून ओरडतात. मी दर वेळी सांगतो, बाबांनो, लोखंड आहे, मी काय करू. आपल्या गच्चीवर पण तसंच होतं. तू चिडून खिडकीजवळच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतंस, 'उणे ७८, अब्बांच्या कृपेने.' ते अजून आहे. चुना मारणाऱ्याला मी तेवढी जागा सोडायला लावली.

भूकंपाचं निघालं म्हणून सांगतो. त्र्याण्णवला मी एकवीस वर्षांचा, रेडिओ दुरुस्त करायचो. किल्लारीकडे मदतीच्या गाड्या जायच्या, त्यात वायरलेसच्या बॅटऱ्या सांभाळायला मला घेतलं. संध्याकाळी गेलेल्यांची यादी सेटवर वाचून लातूरला कळवायची. एक दिवस वाचणाऱ्याचा आवाज बसला, म्हणून मी वाचली. दोन दिवसांनी एक बाई येऊन समोर उभी. डोक्याला पट्टी. म्हणाली, "मी शिवगंगा. तू मला मेली म्हणून सांगितलंस व्हय? माझं नाव काढ की रे बाबा, माझा भाऊ तिकडं रडून राहिला आसंल." त्या गावात शिवगंगा दोन होत्या. मी तिथल्या तिथं सेट चालू केला आणि तिचं नाव काढलं. दोन मिनिटं लागली.

आता काम. ही ओळ टाक:

watch -n 1 iw dev wlan0 link

मशीन दर सेकंदाला स्वतःच बघत राहील. तू अभ्यास कर, अधूनमधून नजर टाक. 'Not connected' आलं की घड्याळ बघून वेळ लिही. चार-पाच दिवसांच्या वेळा पाठव.

जेवत जा वेळेवर. फुप्पी सांगते तू सकाळची नुसत्या चहावर जातेस.

अब्बा


लातूर
२५ जून २०१५

अर्शी बेटा,

वेळा बघितल्या. चौदा वेळा तुटलं, आणि चौदाही वेळा सकाळी दहानंतर किंवा दुपारी चारनंतर. शुक्रवारी दुपारी एकदाही नाही. मी कागद समोर ठेवून बसलो आणि हसू आलं. दहाला मुज्तबाभाई पुढच्या खोलीत त्यांचं फॉर्म भरायचं दुकान उघडतात. दुपारी झोपतात. चारला परत उघडतात. जुम्याला दुपारी बंद. तुझं वायरलेस तुझ्या फुप्पांच्या हजेरीवर चालून राहिलंय.

त्यांच्या मशीनला पण मीच कार्ड दिलं होतं, तुझं आणि त्यांचं एकाच खोक्यातलं. हैदराबादहून दहा आणले होते, नाव ना गाव, साधं निळं खोकं. सहा हॉलच्या पीसींना लावले, एक तुला, एक ईदला फुप्पांना, दोन अजून ड्रॉवरमध्ये पडलेत.

मला आता दोन्ही कार्डांचे पत्ते पाठव. तुझ्या मशीनवर आणि त्यांच्याही:

ip link show wlan0

त्यात link/ether पुढे बारा अक्षर-आकडे येतात, दोन-दोनच्या जोडीनं. तो त्या कार्डाचा जन्माचा नंबर. गाडीच्या चेसिसला असतो तसा, दोन गाड्यांना एक नसतो.

हे वाक्य लिहिलं आणि पेन बाजूला ठेवलं. त्या दिवशी मी सरांना अगदी हेच म्हणालो होतो.

तू म्हणशील दोन वर्षांनी उकरून काढतायत. नाही काढलं तरी ते इथंच आहे, बेटा. फेब्रुवारीतला तो रविवार. ऑफिसच्या पीसीवरून सोमवारच्या टेस्टचा पेपर कुणी तरी वायरलेसवरून ओढला. नोंद ठेवणारी फाइल मीच बसवलेली, दर पाच मिनिटांनी कोणकोणती कार्डं जोडलेली आहेत ते लिहून ठेवणारी. मी फाइल उघडली. पाच वाजून दहा मिनिटं, एकच पत्ता. आणि तो पत्ता मला तोंडपाठ, कारण तुझं कार्ड मी माझ्या हातानं लावलं होतं आणि डायरीत लिहून घेतलं होतं. शेवटचं 3c:7a:19.

मी कुणालाही न विचारता थेट सरांकडे गेलो. सर म्हणाले, "कलीमभाई, नीट बघा, तुमची मुलगी आहे." मी म्हणालो, "सर, मशीन खोटं बोलत न्हाई."

लोक म्हणाले, काय इमानदार माणूस आहे, स्वतःच्या पोरीला सोडलं नाही. खोटं कशाला सांगू, त्या चार दिवसांत मला ते ऐकायला बरं वाटायचं. मी लपवलं असतं तर चाललं असतं का, तूच सांग. तो विचार मी लई वेळा केलाय, दर वेळी अर्ध्यात सोडून देतो.

रोजे सुरू झालेत. सहेरीला उठायला आता घड्याळ लावावं लागतं. आधी तू उठवायचीस.

पत्ते पाठव.

अब्बा


लातूर
४ जुलै २०१५

अर्शी,

कागद मिळाला.

रोज्यानं डोकं दुखतंय, फार लिहवत नाही. तुझं आणि फुप्पांचं मशीन सध्या एका वेळी चालवू नका. तुझी टेस्ट असेल तेव्हा त्यांना म्हणावं कार्ड काढून ठेवा. कारण नंतर लिहितो.

इकडे ऊन अजून कमी नाही. पाण्याचे हाल आहेत.

अब्बा


लातूर
९ जुलै २०१५

अर्शी,

मागच्या पत्रात मी पळ काढला. तुला ते कळलं असेलच, तू माझीच पोरगी आहेस. डोकं दुखत नव्हतं.

तुझ्या कागदावर दोन ओळी होत्या. वरच्या ओळीपुढे 'माझं', खालच्या ओळीपुढे 'फुप्पा'. दोन्ही ओळींच्या शेवटी 3c:7a:19. मी आधी म्हणालो, पोरीनं घाईत एकच नंबर दोनदा लिहिला. मग बघितलं तर दुसऱ्या ओळीखाली तू दोन रेघा मारल्यात. म्हणजे तुला माहीत होतं. तू नुसती मला बघायला लावलंस.

तुझा कागद आला त्याच दिवशी मी हॉलला कुलूप लावलं, सहाही कार्डं उपटून काढली, ड्रॉवरमधली दोन घेतली आणि आपल्या खोलीत एकेक करून लावली. काळ्या पडद्यावर नंबर येत गेले. हॉलमधल्या चार कार्डांचे वेगळे. ड्रॉवरमधल्या दोन्हींचे वेगळे. आणि खिडकीजवळच्या दोन पीसींची जी कार्डं, त्या दोन्हींवर 3c:7a:19. तुझं, फुप्पांचं आणि ही दोन. दहातली चार कार्डं एकाच नंबरची. बनवणाऱ्यानं आळस केला असेल, नाही तर तसाच माल स्वस्तात दिला असेल. त्याला काय म्हणू. माझ्या आळसाचं काय?

हॉलचे सहा पीसी मी एकाच डिस्कची नक्कल मारून उभे केले होते. प्रत्येक कार्डाचा नंबर वेगळा बघायची गरजच पडली नाही. खिडकीजवळचे दोन पीसी एकमेकांना ढकलून पाडत होते, म्हणून तिथलं नेट तुटायचं. पोरं ओरडायची. मी दोन-अडीच वर्षं लोखंडाला शिव्या घातल्या. लोखंड बिचारं गप उभं होतं.

अजून संपलं नाही. त्या रविवारच्या नोंदीचा कागद मी डायरीत घडी घालून ठेवलेला आहे. सरांना दाखवला होता तोच. काल उघडला. पत्त्याच्या पुढे, त्याच ओळीत, सिग्नल लिहिलाय. उणे एक्केचाळीस.

उणे एक्केचाळीस, अर्शी. आपल्या गच्चीवरच्या खोलीत कधी उणे पंच्याहत्तरच्या वर गेला नाही. तूच भिंतीवर लिहून ठेवलंयस. मधे तीन स्लॅब. ऑफिसच्या पीसीपासून उणे एक्केचाळीस फक्त शेजारच्या हॉलमध्ये मिळतो. ज्यानं पेपर ओढला तो हॉलमध्ये, खिडकीजवळ बसला होता, आणि हे त्या कागदावर त्याच दिवशी लिहिलेलं होतं. मी बोटानं पत्ता दाखवला आणि बोटाच्या पुढचं वाचलं नाही. मशीन खोटं बोलत न्हाई म्हणालो. ते खरं बोलत होतं, मीच अर्धं ऐकून उठलो.

आता ते सांगतो जे मी मागच्या पत्रात मुद्दाम गाळलं.

सरांनी नाव जाहीर करायच्या आधी तू ऑफिसच्या दारात आली होतीस. रडत नव्हतीस. ओढणीचं टोक मुठीत धरलेलं. म्हणालीस, "अब्बा, मी न्हाई केलं. माझं कार्ड काढा अन् दुसरं लावून बघा. कायतरी गडबड हाय." मी म्हणालो, "अर्शी, कार्डाला दोष देऊ नको." तू परत म्हणालीस, "दुसरं कार्ड लावून तर बघा ना अब्बा." ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. आत दोन कार्डं होती. ती वेगळी निघाली असती, पण मी हॉलपर्यंत गेलो असतो, तिथली काढली असती, तर तिसऱ्या-चौथ्या कार्डाला मला कळलं असतं. मी उठलोच नाही. मला वाटलं उठलो तर लोक म्हणतील, पोरीसाठी पळवाट शोधतोय.

मग सरांनी माईकवरून तुझं नाव घेतलं. आठशे पोरांसमोर. माईक मी लावून दिला होता.

मेली म्हणून वाचलेल्या एका अनोळखी बाईचं नाव काढायला मला दोन मिनिटं लागली. तुझं नाव दोन वर्षं तसंच ठेवलं. तुझी अम्मी असती तर तिनं मला त्याच दिवशी ड्रॉवर उघडायला लावला असता. ती गेली तेव्हा तू सहा वर्षांची, आणि मी कबरीवर तिला तुला जपायचा शब्द दिला होता.

माफ कर असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, तुला कागदावर दिसत असेल. मागायला तोंड नाही. आधी जे करायचं ते करतो.

अब्बा


लातूर
२१ जुलै २०१५

अर्शी बेटा,

ईद झाली. शीरखुर्मा केला नाही, शेजारच्यांनी वाटी दिली. फोन लावला नाही या वेळी.

चारच दिवसांमागे सरांकडे गेलो होतो. कार्डं टेबलावर मांडली, कागद उघडला, सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत, शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मग कोण होतं कलीमभाई?" मी म्हणालो, "माहीत न्हाई. कागद एवढंच सांगतो की तो हॉलमध्ये होता. रविवारी हॉल बंद. किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला होती."

दुसरी कुठं असते ते त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या घरात त्या वर्षी बारावीला कोण होतं हे तुला पण ठाऊक आहे. पण मी नाव घेतलं नाही आणि तूही घेऊ नकोस. एकदा अर्ध्या पुराव्यावर एक नाव घेतलं, त्यात एक पोरगी घालवली. तेवढं पुरे झालं.

मी म्हणालो, "सर, मला दुसऱ्या कुणाचं नाव नको. माईकवरून अर्शीचं नाव घेतलं होतं, माईकवरूनच परत घ्या." ते म्हणाले, "अहो, दोन बॅचा बाहेर पडल्या. आता इथं अर्शीला ओळखतं कोण?"

"मी ओळखतो सर."

"विचार करतो," म्हणाले. मला वीस वर्षांची नोकरी आहे, कोणता 'विचार करतो' कसला असतो ते कळतं.

काल सोमवार. टेस्टच्या आधी मी नेहमीसारखा माईक लावला. 'हॅलो, चेक' म्हणालो. आणि मग थांबलो नाही. सांगितलं की माझं नाव कलीम, मी इथला वायरमन. दोन हजार तेराला या क्लासमध्ये पेपर फुटला तेव्हा माझ्या मुलीचं, अर्शीचं, नाव याच माईकवरून घेतलं गेलं. ते माझ्या सांगण्यावरून घेतलं. ते चूक होतं. तिनं काही केलं नव्हतं. मी तपासलं नाही.

तुला वाटेल हॉल सुन्न झाला असेल. कशाचं काय. पुढच्या रांगेतली दोन पोरं एकमेकांकडे बघून हसली. एकानं मागून विचारलं, "काका, टेस्ट किती वाजता चालू होणार?" एका मुलीनं फक्त मान वर करून नीट बघितलं, शेवटपर्यंत. तुझ्याएवढीच, दोन वेण्या. मग पेपर वाटले गेले. मी वायर गुंडाळली.

सरांनी दुपारी बोलावलं. आवाज चढवला नाही. महिन्याच्या आत खोल्या रिकाम्या करा म्हणाले. बरं म्हणालो. खरं सांगू, परत वर येताना जिना चढायला मला दम लागला नाही. का ते माहीत नाही.

भिंतीवरचं पेन्सिलीचं मात्र इथंच राहणार. भिंत काही उचलून नेता येत नाही.

आता तुझं काम. दोन कार्डांचा एकच पत्ता असला की डब्याला वाटतं एकच मशीन दोनदा आलंय, आणि तो आधीच्याला हाकलतो. इलाज सोपा आहे. कार्डाचा पत्ता हातानं बदलता येतो. काळ्या पडद्यावर:

ip link set wlan0 down
ip link set wlan0 address 02:11:22:33:44:55
ip link set wlan0 up

सुरुवातीचं 02 तसंच ठेव, पुढचे आकडे तुला आवडतील ते घाल. मशीन बंद करून चालू केलं की जुना पत्ता परत येतो, म्हणून रोज करावं लागेल. मुज्तबाभाईंना हे जमायचं नाही, त्यांचा माउस पण कधी कधी उलटा धरलेला असतो. तेव्हा तूच तुझा बदलून घे. म्हणजे भांडण मिटेल.

पाकिटात डायरी ठेवलीय. त्यात तो रविवारचा कागद आहे. मी उणे एक्केचाळीसभोवती गोल केलाय. ते तुझं आहे, तुझ्याकडे असू दे. दुसऱ्या कुणाला दाखवायचं का नाही, तू ठरव.

कुठं जाईन ते अजून ठरलं नाही. जळकोटला एक ओळखीचा रेडिओवाला आहे, त्याच्या दुकानात बसेन म्हणतो. माझी काळजी करू नकोस. करत असशील असं नाही, आपलं लिहितो.

अब्बा


नांदेड
२८ जुलै २०१५

अब्बा,

फुप्पांच्या कार्डाचा पत्ता बदलला. मशीन चालू झालं की आपोआप बदलेल असं त्यांच्याकडे लिहून ठेवलंय, रोज करावं लागत नाही. तुम्हाला पण शिकवीन. फुप्पांना वाटतंय मी त्यांच्या घराचा पत्ता बदलला. वीजबिल कुठं येणार म्हणून दोन दिवस विचारत होते.

माझ्या कार्डाचा बदलला नाही. बदलणार पण नाही. एवढं सगळं लिहून शेवटी तुम्ही परत मलाच म्हणालात, तूच बदलून घे. मी का बदलू? माझा नंबर माझा आहे. मी त्यानं काही वाईट केलेलं नाही.

मागच्या महिन्यात पत्ते उतरवताना दोन्ही सारखे दिसले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन लई रडले. फुप्पीला वाटलं कांदा आहे. तुम्हाला तेव्हाच लिहावं वाटलं होतं. मग म्हटलं, नको, बघू, या वेळी तरी स्वतः दुसरं कार्ड लावून बघतात का.

बघितलंत.

राग गेला नाही. जाईल की नाही ते पण माहीत नाही. आठशे जणांसमोर उभं राहायचं ते तुमचं पाच मिनिटांत झालं, माझं दोन वर्षं चाललं. मेडिकलचं राहिलं ते राहिलं. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय, टोचायला नाही. थोडं टोचायला पण.

कागद डायरीतून काढून माझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलीत ठेवलाय. त्या मुलीच्या वेण्या दोन होत्या का एक, ते तुम्हाला बरं आठवलं.

जळकोटला जाऊ नका. हिमायतनगरला एका शाळेत कॉम्प्युटर लावणारा माणूस पाहिजे आहे, फुप्पांच्या ओळखीचे शंकरप्पा सर बघतात तिथलं. बसायला लागेल, चढायला जिना नाही, एकच मजला आहे. इथं पुढच्या खोलीत तुमची खाट टाकता येईल. सामान फार आणू नका. निळं खोकं मात्र आणा, ड्रॉवरमधली ती दोन वेगळी कार्डं शाळेला चालतील, आधी मी तपासून बघेन.

चार दिवसांत एकदाही तुटलं नाही. सिग्नल उणे चौपन्न.

बसमध्ये बसायच्या आधी फोन करा. लागेल.

अर्शी